गुंजेच्या एकोणीस फोडी करणारा काटा

सोनाराच्या दुकानात वजन करताना पंखा बंद होतो, पाहिलंय ना? अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणारा नेमबाजही हेच करतो. या छंदाला तिथं रीलोडिंग म्हणतात आणि त्याचा सगळा जीव एका छोट्या काट्यात असतो. बारूद फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते, जास्त झाली तर बंदूक हातात फुटू शकते. (आपल्याकडे हा उद्योग परवान्याशिवाय गुन्हा आहे. शस्त्र कायदा, 1959.)

हा काटा ग्रेनमध्ये बोलतो. ग्रेन म्हणजे दाणा. 7000 ग्रेनचा एक पौंड, आणि एक ग्रेन सुमारे 64.8 मिलिग्रॅमचा. नाव परकं वाटलं तरी आपल्या दागिन्यांशी त्याचं जुनं नातं आहे. कंपनी सरकारने 1833 मध्ये रुपयाचं वजन 180 ग्रेन ठरवलं आणि तोच तोळा झाला, 11.66 ग्रॅमचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. बारुदीचा काटा तर 0.1 ग्रेन दाखवतो! काळ्या ठिपक्याची लालचुटूक गुंज तळहातावर घ्या आणि तिच्या एकोणीस फोडी कल्पा. त्यातली एक फोड म्हणजे या काट्याचं एक घर.

ॲस्पिरिनची गोळी 325 मिलिग्रॅमचीच का? कारण ती पूर्वी 5 ग्रेनची होती.

रीलोडिंगच्या छंदातलं मोठं नाव म्हणजे आरसीबीएस. फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी 1943 मध्ये ती कंपनी काढली. नावाचा विस्तार 'रॉक चक बुलेट स्वेज'. रॉक चक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, आणि त्याच्या शिकारीसाठी गोळ्या घडवायचा साचा म्हणजे हे स्वेज. त्यांचा गाजलेला '10-10' काटा ओहाउस कंपनीने बनवलेला. तो 1010 ग्रेनपर्यंत तोलतो, म्हणजे साडेपाच तोळ्यांच्या वर.

अशा दांडीच्या काट्याची एक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. दांडीच्या टोकाला तांब्याची पातळ पट्टी असते आणि ती दोन चुंबकांच्या फटीत हलते. चुंबक तांब्याला ओढत नाही, तरी झुलणारी दांडी क्षणात शांत होते. पट्टी हलली की तिच्यात विजेचे भोवरे उठतात आणि तेच तिला अडवतात. पट्टी थांबली की भोवरेही संपले, म्हणून वजनात फरक पडत नाही.

दांडीचा काटा चंद्रावर नेला तरी तेच वजन दाखवेल, कारण दोन्ही बाजू सारख्याच हलक्या होतात. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र दाब मोजतो. विषुववृत्तावरून ध्रुवाकडे गेलात तर त्याच्या आकड्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडेल. जागा बदलली की तो पुन्हा जुळवायलाच हवा. शिवाय तापायला वेळ द्या, वारा लागू देऊ नका, टेबल सपाट ठेवा. आणि बटण चुकून ग्रॅमवर तर गेलं नाही ना, ते आधी बघा. एका ग्रॅमचे 15.43 ग्रेन होतात!

दांडीचा की इलेक्ट्रॉनिक? झटपट कामाला दुसरा बरा, पण माझा विश्वास पहिल्यावर जास्त. कुठलाही घेतला तरी सोबत प्रमाणित वजनं घ्यावीत आणि रोज पहिलं वजन त्यांचंच करावं. 'काटा मारणे' आपण दुकानदाराबद्दल म्हणतो, इथं तर काटा स्वतःच मारू शकतो.

कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. त्या स्पर्धेतलं .22 काडतूस मात्र या छंदाबाहेरचं. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि चाप ओढला की तो काठ चेपतो, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरत नाहीत. त्यातली गोळी साधारण 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम एकवीस गुंजा.