एक वेळचे जेवण आणि खो-खोचे मैदान

सारिका काळे ही धाराशिवची खो-खोपटू. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. त्याआधी खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आला होता तो १९९८ मध्ये. मधली २२ वर्षे देशभर स्पर्धा होत होत्या, खेळाडूंच्या पिढ्या घडत होत्या, पण दिल्लीच्या यादीत या खेळाचे नाव नव्हते. ही खंडित परंपरा पुन्हा सुरू झाली ती मराठवाड्यातल्या एका मुलीमुळे. लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या टापूतल्या शाळांमध्ये खो-खो हा मुलींना सहज खेळता येणारा खेळ आहे. त्याला ना महागडे साहित्य लागते ना खास बूट. सपाट मातीचे मैदान, दोन खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्यावर भागते.

खेळ जुना असला तरी त्याला लेखी नियमांची शिस्त लागली ती विसाव्या शतकात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियमांचा पहिला आराखडा केला आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्याला पक्के रूप दिले. आजचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. मध्यरेषेवरच्या आठ चौरसांत आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी आक्रमक पाठलाग करते. बचाव करणाऱ्या तिघी एका वेळी मैदानात असतात. त्यांना बसलेल्या खेळाडूंमधून कुठूनही निसटता येते. आक्रमकाला मात्र ती मुभा नाही. तिला मध्यरेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. वळायचे असेल तर बसलेल्या सहकारी खेळाडूच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यायचा आणि तिची जागा घ्यायची. म्हणूनच आक्रमण हे एकटीचे काम राहत नाही. कुणाला, कोणत्या क्षणी खो द्यायचा याचा निर्णय पळता पळता घ्यावा लागतो. खांबाजवळ बचावपटू वळणाच्या बेतात असते. नेमक्या त्याच वेळी आक्रमक खांबाच्या आधाराने अंग झोकून देते आणि बोटांच्या टोकांनी गडी टिपते. हुलकावणी, सूर आणि खांबावरची ही झेप यांसाठी पायात जितका वेग लागतो तितकेच पोटात अन्नही लागते.

सारिकाच्या कारकिर्दीतला खरा झगडा याच ठिकाणी होता. नात्यातल्या एका खेळाडूने तिला तेराव्या वर्षी मैदानावर नेले. तिथून ती खेळतच राहिली. घर आजी-आजोबांच्या तुटपुंज्या कमाईवर आणि आईच्या शिवणकामावर चालत होते. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवून खेळलो, असे तिने पुरस्कार जाहीर झाल्यावर सांगितले. सराव शिबिरात किंवा परगावच्या स्पर्धेला गेल्यावरच नीट आहार मिळायचा. गावाकडच्या अनेक खेळाडू मुलींची स्थिती याहून वेगळी नसते. फरक इतकाच, की बहुतेकींचा खेळ वर्तमानपत्रात नाव येण्याआधीच सुटतो.

२०१६ हे वर्ष तिच्यासाठी दोन टोकांचे ठरले. फेब्रुवारीत गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, इतकी या भागाची अवस्था बिकट होती. घरच्या आर्थिक ओढाताणीने सारिका याच वर्षी इतकी खचली की तिने खेळ सोडायचे ठरवले आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली तेव्हा ती मैदानावर परतली. आपल्या आयुष्याला तिथेच वळण मिळाले, असे ती मानते.

खेळाडूच्या मनाची काळजी घेणे हे युरोपात आता रीतसर काम झाले आहे. जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ ही तिच्या पिढीतली सर्वांत मोठी महिला फुटबॉलपटू. २१४ आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिचे १२८ गोल आहेत. निवृत्तीनंतर ती हॉफेनहाइम क्लबमध्ये क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागली. आपल्याकडे तालुक्याच्या मैदानावर हे काम प्रशिक्षकच करतो, तेही दुसऱ्या कुणाच्या मदतीविना.

मैदानावरच्या यशाने सारिकाच्या घराचा प्रश्न सुटला नव्हता. तो सुटला नोकरीने. पुरस्काराच्या आदल्या वर्षी तिला तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत घेण्यात आले. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. ग्रामीण खेळाडूच्या दृष्टीने कोणत्याही चषकापेक्षा त्याचे मोल अधिक आहे. २०२० चा पुरस्कार सोहळा करोनामुळे २९ ऑगस्टला दूरदृश्य प्रणालीने झाला. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख रुपये झाली.

पुढच्या काही वर्षांत या खेळाला बरे दिवस आले. २०२३ च्या अर्जुन पुरस्कारांत नसरीन शेखचे नाव आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. मात्र २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेली अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग पुरुषांसाठी होती. मुलींसाठी शाळा, जिल्हा, राज्य आणि मग नोकरीची वाट पाहणे हाच मार्ग राहिला.

लातूर-नांदेडच्या शाळांनी आणि क्रीडा मंडळांनी आता एक गोष्ट करावी. रोज संध्याकाळी सरावाला येणाऱ्या मुलींच्या खाण्याची सोय मैदानावरच करावी, आणि तीही केवळ शिबिरापुरती नव्हे, वर्षभर.