रिपोर्टमधली एक वजाबाकी

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की आपल्याला हृदय आठवते, मेंदू आठवत नाही. वास्तविक चरबीचा जो थर हृदयाच्या धमनीत साचतो, तोच मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतही साचतो. एखाद्या दिवशी तो फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, ती मेंदूतल्या वाहिनीत अडकते आणि पक्षाघात होतो. झटका काही मिनिटांचा, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षांची. म्हणून चरबीच्या तपासणीकडून झटक्याचे निदान नव्हे, तर या तयारीचा सुगावा मागायला हवा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर कोलेस्टेरॉल पाहत बसायचे नसते. ताबडतोब सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठायचे असते, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

हा सुगावा आपल्याच रिपोर्टमध्ये असतो, पण आपण तो वाचत नाही. समजा, एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 36, ट्रायग्लिसराइड 250 आणि एलडीएल 124 आहे. एलडीएल फार वाढलेले नाही म्हणून कागद कपाटात जातो. आता 210 मधून 36 वजा करा. उरलेल्या 174 मध्ये धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांचे कोलेस्टेरॉल येते, आणि हा आकडा 130 च्या आत असावा लागतो. पोट सुटलेल्या आणि साखर वाढलेल्या माणसांत एचडीएल कमी व ट्रायग्लिसराइड जास्त अशी जोडी नेहमी दिसते. तिथे एकटे एलडीएल फसवते. दुसरी खूण ‘एलपी लिटल ए’ची. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी 1963 मध्ये दाखवलेला हा कण मुख्यतः आनुवंशिक असल्याने तो आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरते. भारतात साधारण चौघांपैकी एकात तो वाढलेला आढळतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करायला सांगितली, ती उगाच नव्हे.

यावर आक्षेप असा की कोलेस्टेरॉल ठीक असलेल्यांनाही पक्षाघात होतो. खरे आहे, वाढलेला रक्तदाब आणि हृदयाचे अनियमित ठोके हीदेखील मोठी कारणे आहेत. 2007 मध्ये सुमारे नऊ लाख लोकांच्या माहितीतूनही एकूण कोलेस्टेरॉल आणि पक्षाघाताचे मृत्यू यांचा सरळ संबंध दिसला नव्हता. गुठळीने झालेले पक्षाघात वेगळे काढून पाहिले तरी हे कोडे सुटले नव्हते. पण उपचारांचा पुरावा अधिक बोलका आहे. 2006 च्या ‘स्पार्कल’ चाचणीत पक्षाघात किंवा त्याची पूर्वसूचना येऊन गेलेले 4731 रुग्ण होते. सुमारे पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात झालेल्यांचे प्रमाण बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 13.1 टक्के होते, तर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेणाऱ्यांत 11.2 टक्के. मेंदूतले रक्तस्राव मात्र थोडे वाढले. म्हणूनच गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तशी ती बंदही करू नये. रक्तदाबाचा आकडा आणि ही वजाबाकी दोन्ही घेऊन डॉक्टरांसमोर बसावे, आणि तेही हात-पाय धडधाकट असताना.