उपाशी मेंढीच्या पोटातलं कोकरू

‘पोट मोठं दिसतंय, म्हणजे कोकरू चांगलं वाढतंय’ हा कळपातला सगळ्यात घातक गैरसमज. पोट चाऱ्यानेही मोठं दिसतं, जुळ्यांनीही. उपाशी मेंढी अंगावरची चरबी झिजवून गर्भाला पुरवत राहते, आणि लोकरीखाली तिची वाळलेली पाठ दिसत नाही. ती हाताने चाचपावी लागते. आतलं कोकरू किती वाढलं, हे सोनोग्राफी सांगते.

पण तीही एकदाच करून भागत नाही. मेंढी गाभण आहे का आणि कोकरं किती, हे ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान पोटावरून केलेल्या एका तपासणीत समजतं. वाढ समजायला मात्र काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मापं घ्यावी लागतात. शिवाय मेंढी कधी फळली ती तारीख हवी. ती नसेल तर कोकरू खुरटलंय की वयानेच लहान आहे, हे कसं ठरवणार?

‘डोकं बरोबर मापाचं आहे, काळजी नको’ हेही चूक. अन्न आणि प्राणवायू कमी पडला की गर्भ रक्ताचा ओघ आधी मेंदूकडे वळवतो. डोकं वाढत राहतं, मात्र यकृत लहान राहतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. म्हणून डोक्याच्या रुंदीबरोबर पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबीही मोजतात. नुसत्या डोक्याच्या मापावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

‘शेवटच्या दीड महिन्यात खुराक दिला की झालं’ हे अर्धसत्य. मेंढी सुमारे १५० दिवसांनी विते आणि कोकराच्या जन्मवजनातला साधारण ७० टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो, हे खरं. पण त्याला अन्न पोचवणाऱ्या वारेची वाढ ९० व्या दिवसापर्यंत जवळपास संपलेली असते. वारेच्या गाठी सोनोग्राफीत मोजता येतात. तरी गाठ मोठी म्हणजे सगळं ठीक, असं नाही. मधल्या काळात चारा तुटला तर धडधाकट मेंढीची वार कधीकधी भरपाई म्हणून जास्तही वाढते.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. त्यामुळे मेंढी गाभडेल ही भीती निराधार आहे.

महाराष्ट्रात हा विषय आता जास्त महत्त्वाचा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळे मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळी म्हणजे मेंढीवर दुप्पट भार. शेवटच्या आठवड्यांत तिला पुरेसं खाणं मिळालं नाही तर रक्तात कीटोन वाढतात, मेंढी खाणं सोडते, आंधळ्यासारखी वागते आणि अनेकदा दगावते.

तेव्हा मेंढपाळांनो, मेंढी फळल्याची तारीख वहीत लिहा, जुळ्यांच्या मेंढ्या वेगळ्या काढा आणि त्यांचा खुराक हळूहळू वाढवा. एकदम भरपूर धान्य घातलं तर पोटात आम्ल वाढून त्यानेही मेंढी मरते.