पाळणा लांबवायचा, पण कशाने?

मंडळी, शहापूर-मुरबाडकडे भातकापणी उरकली की कितीतरी जोडपी बिऱ्हाड उचलून वीटभट्टीची वाट धरतात. अशाच एखाद्या नव्या सुनेच्या मनात येते, मूल दोन वर्षांनी व्हावे. मग शेजारीण घेते ती गोळी तीही घेऊ लागते. पण शेजारणीला मानवले ते आपल्याला मानवेलच, असे कुठे आहे?

आधी तीन गोष्टींचा विचार करा. मूल किती दिवस नको? रोजची आठवण राहील का? मुक्काम कुठे असणार? ‘माला-एन’ गोळी रोज घ्यावी लागते. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. ‘अंतरा’चे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी; भट्टीवर जाणारीने पुढची तारीख विचारून ठेवावी. शिवाय ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर लागतो. तांबी ३८० अ जातीची असेल तर दहा वर्षे चालते. नको झाली की नर्सबाईंकडून काढता येते. सुरुवातीला अंगावर जास्त जाते, पण ती काळजापर्यंत चढते ही निव्वळ आवई. निरोध मात्र पुरुषाने वापरायचा; रोगापासून राखणारे साधन तेवढेच.

रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा हा विषय उच्चारणेही पाप होते. आज ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत. तेव्हा गुरुजी, लाज सोडून तरुणांना एवढेच सांगा: दोघांनी मिळून जा, तपासून घ्या, मग ठरवा.