पंचनाम्याच्या आधी

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबलं तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 जण बेपत्ता होते. मृतदेहच नसेल तर मृत्यूचा दाखला अडतो. दाखल्यावाचून सानुग्रह मदत, विमा, वारसनोंद सगळंच अडतं. एरवी बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायला सात वर्षं जावी लागतात. आपत्तीत सरकार वेगळी कार्यपद्धती ठरवून ही वाट मोकळी करू शकतं. पण घरचं माणूस गमावलेल्यांना हे सांगायचं कोणी? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तींतल्या पीडितांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2010 मध्ये आपत्तिग्रस्तांसाठी स्वतंत्र योजनाही आणली. हरवलेली कागदपत्रं पुन्हा मिळवणं, भरपाई मिळवून देणं ही कामं तिच्यात आहेत. मात्र ही यंत्रणा पावसाळ्याआधीच कामाला लागली, तरच योजनेला अर्थ आहे.

पाणी चढत असताना वकील काय करणार, असा आक्षेप घेतला जातो. तेव्हा होडी आणि अन्नच आधी हवं, यात वाद नाही. पण पाणी ओसरताच पंचनामे सुरू होतात आणि मदतीच्या निकषानुसार पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं की नाही, हे तिथेच ठरतं. मदतीच्या यादीतून सुटलेलं नाव पुन्हा घालायला हेलपाटे पडतात. पंचनामा वाचून मगच सही करा, प्रत मागा, हे सांगणारा प्रशिक्षित विधी स्वयंसेवक त्या घडीला गावातच असायला हवा. सातबारा आता ऑनलाइन मिळतो, मग कागद हरवण्याची भीती कशाची, असंही म्हणतात. पण जे नोंदलंय तेवढंच ऑनलाइन दिसतं. आजोबांच्याच नावावर राहिलेली जमीन, तोंडी बोलीवर वाट्याने कसलेलं शेत, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये न चढलेलं घर संगणकालाही सापडत नाही. म्हणून दरडप्रवण वाड्यांत उन्हाळ्यातच शिबिरं घेऊन वारसनोंदी उरकणं आणि अर्जांचे नमुने तयार ठेवणं हीच खरी पूर्वतयारी. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याच्या आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. त्या आढाव्याच्या बैठकीत विधी सेवा प्राधिकरणाला जागा आणि ठरलेलं काम मिळालंच पाहिजे.