विश्लेषण : साताऱ्यात जर्मन कुटुंबं का होती? युद्ध संपूनही त्यांची सुटका का लांबली?

दुसऱ्या महायुद्धात साताऱ्यात जर्मन कुटुंबांची छावणी होती. पुरंदर किल्ल्यावरही अशीच दुसरी होती. या युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या का?

युद्धकैदी की स्थानबद्ध?

युद्धकैदी म्हणजे लढताना पकडलेला सैनिक. साताऱ्यातले लोक नागरिक होते. त्यांत मिशनऱ्यांची कुटुंबं, बायका, लहान मुलं होती. हद्द सोडणार नाही, असा शब्द देऊन राहायचं, म्हणून ही 'पॅरोल' छावणी. सप्टेंबर १९३९ मध्ये भारतातल्या जर्मन पुरुषांना धरून अहमदनगरला नेलं गेलं. हिटलरच्या छळामुळे पळून आलेले ज्यूही त्यात होते. सरकारने फक्त पासपोर्ट पाहिला! चौकशीनंतर काही सुटले, पण १९४० मध्ये धरपकड पुन्हा वाढली. बहुतेक पुरुष पुढे देहरादूनला गेले.

वागणूक कशी होती?

१९२९चा जिनिव्हा करार सैनिकांपुरता होता. पण ब्रिटन आणि जर्मनीने त्याचे नियम एकमेकांच्या नागरिकांनाही लावले. तटस्थ स्वित्झर्लंड जर्मनांच्या हिताकडे लक्ष ठेवी. हा केवळ दयाळूपणा नव्हता. जर्मनीच्या ताब्यात ब्रिटिश होते, त्यांचीही काळजी होती. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात प्रतिसरकारचे कार्यकर्ते भूमिगत होते. त्यांच्यासाठी असा कोणताही करार नव्हता. (वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.)

मायदेशी कधी गेले?

जर्मनी मे १९४५ मध्ये शरण आला. पण जुन्या करारात कैद्यांच्या पाठवणीचा मुद्दा शांतता तहाशी जोडलेला होता, आणि तह करायला जर्मनीत सरकारच उरलं नव्हतं. त्यामुळे ब्रिटनने जर्मन युद्धकैद्यांना १९४८पर्यंत शेतांवर राबवलं, तर सोव्हिएत संघातून शेवटचे कैदी दहा वर्षांनी परतले.

भारतातल्या बहुतेक स्थानबद्धांना १९४६च्या अखेरीस मुंबईहून बोटीने हॅम्बुर्गला नेण्यात आलं. तिथे अनेकांची रवानगी चौकशीसाठी नॉयनगामेला झाली. ती नाझींची जुनी छळछावणी होती. भारतात जन्मलेली काही मुलं तर जर्मनी पहिल्यांदाच पाहत होती.

नियम नंतर बदलले. १९४९च्या जिनिव्हा करारांनुसार लढाई थांबताच, तहाची वाट न पाहता, युद्धकैद्यांना सोडावं लागतं. नागरिकांसाठीही तेव्हाच स्वतंत्र करार झाला.