डिकी लहान, सिलिंडर मोठा!
छोट्या मोटारीत सीएनजी किटसाठी जागा कशी शोधतात?

पनवेल, प्रतिनिधी : गणेशोत्सव जवळ आला की खांदा कॉलनीतील इमारतींखाली एक दृश्य हमखास दिसते. कोकणातील गावी निघालेले चौघांचे कुटुंब, पूजेच्या साहित्याची खोकी, कपड्यांच्या बॅगा आणि उघडी डिकी. डिकीत मात्र सामानाच्या आधीच एक लांबोडका लोखंडी पाहुणा आडवा झोपलेला असतो. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून बसवलेला सीएनजीचा सिलिंडर वर्षभर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्गाला लागण्याच्या आदल्या दिवशी मात्र तो सर्वांना खुपू लागतो.

सिलिंडरला एवढी जागा का लागते, हे आधी समजून घ्यायला हवे. मोटारीत सीएनजी भरला जातो तो सुमारे २०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २०० पट. इतका दाबूनही एक लिटर सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या साधारण एक चतुर्थांशच ऊर्जा मावते. त्यामुळे छोट्या मोटारीतही ६० लिटर पाणी मावेल एवढा सिलिंडर बसवावा लागतो आणि त्यात प्रत्यक्षात नऊ-दहा किलो गॅस बसतो. पोलादी सिलिंडरचे स्वतःचे वजनच साठ किलोच्या घरात जाते. वेगळ्या शब्दांत, एक प्रौढ माणूस कायम डिकीत बसून प्रवास करत असतो.

मग हाच गॅस एखाद्या चपट्या टाकीत भरून आसनाखाली सरकवता येणार नाही का, असा प्रश्न सहज पडतो. पेट्रोलची टाकी वेडीवाकडी असली तरी चालते, कारण तिच्यात दाब जवळजवळ नसतोच. ऑटो एलपीजी जेमतेम पाच-दहा बारवर द्रवरूप राहतो, म्हणून त्याची टाकी मेदूवड्यासारखी गोल करून स्टेपनीच्या खळग्यात बसवता येते. २०० बारच्या दाबापुढे सपाट पत्रा फुगून गोल होऊ पाहतो. हा दाब सर्व बाजूंनी सारखा पेलणारा आकार म्हणजे गोल टोकांचा दंडगोल. सीएनजीची टाकी डिकीच्या आकाराप्रमाणे वळत नाही, डिकीलाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. मागच्या दोन चाकांवरील उंचवट्यांमध्ये किती अंतर आहे, यावर सिलिंडरची लांबी ठरते आणि मागच्या आसनाच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत किती जागा उरते, यावर त्याची जाडी.

पण जागेचा खरा कस डिकीत नव्हे, बॉनेटखाली लागतो. तिथे रिड्यूसर बसवावा लागतो. सिलिंडरमधील प्रचंड दाब इंजिनाला सोसेल इतका कमी करणे हे त्याचे काम. दाब एकदम उतरला की गॅस झपाट्याने थंड होतो. इतका, की रिड्यूसर गोठून बंद पडू शकतो. म्हणून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीला फाटा काढून तिचे गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवले जाते. पनवेलच्या मे महिन्यातही मोटारीच्या एका भागाला ऊब द्यावी लागते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. अर्थात रिड्यूसरची जागा कुठेही निवडता येत नाही. पाण्याची नळी जवळ हवी, धुराड्याची उष्णता दूर हवी आणि बॅटरी व एअर फिल्टरच्या देखभालीसाठी हात जायला हवा. त्याशिवाय फिल्टर, इंजेक्टर, संगणकीय नियंत्रक आणि गॅस भरण्याचे तोंड यांनाही सोय लागते. छोट्या मोटारीच्या बॉनेटखाली आधीच मुठीएवढी जागा उरलेली असते. येथे कारागिराचा अनुभव उपयोगी पडतो आणि घाईने केलेले काम पुढे महागात पडते.

जागा मिळाली म्हणजे ती योग्य असतेच, असे नाही. सिलिंडर पत्र्यावर नुसता ठेवून चालत नाही. तो गाडीच्या भक्कम भागाशी पट्ट्यांनी जखडावा लागतो, आणि पट्ट्या व सिलिंडर यांच्यामध्ये रबर घालावे लागते. झडपेवर हवाबंद आवरण असावे आणि त्यातून निघालेली नळी गाडीबाहेर उघडावी, म्हणजे गळती झालीच तर गॅस प्रवाशांच्या कक्षात साचत नाही. मागून धडक बसली तर सिलिंडरपुढे किती मोकळे अंतर आहे, हाही विचार करावा लागतो. सामान जास्त बसावे म्हणून सिलिंडर डिकीच्या दाराला टेकवून बसवण्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणणारा कारागीर विश्वासाचा समजावा.

स्टेपनीचे काय, हा आणखी एक जाच. सिलिंडरखाली अडकलेली स्टेपनी रस्त्यात काढणे म्हणजे कसरत. टायर ट्यूबलेस असतील आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच सोबत असेल, तर स्टेपनीशिवाय गाडी चालवण्यास २०२०मध्ये नियमाने मुभा मिळाली. कशेडीच्या परिसरात रात्री टायरची बाजूच फाटली, तर तो संच कामास येत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मुंबई परिसराला ही अडचण नवी नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर २००० नंतरच्या काळात मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरील कॅरियरवर चढल्या. कंपन्यांनी यावर उपाय काढला तो मात्र अलीकडे. टाटा मोटर्सने २०२३मध्ये अल्ट्रोझमध्ये एका ६० लिटरच्या सिलिंडरऐवजी ३० लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवले आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. ह्युंदाईनेही २०२४मध्ये दोन सिलिंडरांची एक्स्टर आणली. गणित सोपे आहे. लांबी तेवढीच ठेवून गॅस दोन ठिकाणी वाटला, तर प्रत्येकाचा व्यास निम्मा होत नाही, सुमारे सात दशांश होतो. पण तेवढी उंची उतरली तरी वर सपाट फळी टाकून बॅगा रचता येतात. तरीही पेट्रोलच्या अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची, तर सीएनजीची २१०. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २०२४मध्ये आणलेल्या फ्रीडम मोटारसायकलीत तर दोन किलोचा सिलिंडर आसनाखाली लांबवर आडवा घातला आहे. जागेची चणचण त्याहून अधिक कुठे असणार?

कंपनीची ही सोय जुन्या गाडीला मिळत नाही. तिथे बाहेरून किट बसवण्याचाच मार्ग उरतो. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना अशी परवानगी केंद्र सरकारने २०२२मध्ये दिली. किट त्या प्रकारच्या गाडीसाठी मान्यताप्राप्त असायला हवे. बसवल्यावर आरटीओकडे नोंदणी प्रमाणपत्रात इंधनबदलाची नोंद करावी लागते, पनवेलच्या 'एमएच-४६' गाड्यांनाही. विमा कंपनीलाही कळवावे लागते. हे टाळणारा वाहनधारक थोडे पैसे वाचवतो आणि अपघातानंतर भरपाईचा वाद अंगावर घेतो.

सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे. तिची तारीख गाडीवरील पट्टीवर असते आणि पंपावर ती पाहूनच गॅस भरला जाणे अपेक्षित असते. गावी निघण्याच्या आदल्या रात्री बॅगा रचताना ती पट्टी एकदा वाचावी. मुदत संपली असेल, तर पंपावरच्या रांगेत तासभर उभे राहून रिकाम्या सिलिंडरसह पेट्रोलवरच कोकण गाठावे लागेल.